धरलं का?

“शिंदे, तुमच्याकडे कोंबडा आहे का?”

साळवेबाई माझ्याशी बोलल्या ते पहिलं वाक्य हे. नमस्कार नाही, चमत्कार नाही. एकाहत्तर सालची गोष्ट. नगरच्या एका मिशन दवाखान्यात मी एक्स-रे काढायचो आणि शेजारच्या खोलीत रक्त-लघवी तपासायला या नव्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. माझ्या हातात ओली फिल्म, तिचं पाणी माझ्याच पायावर गळतंय, आणि दारात एक ठेंगणी, पांढऱ्या पातळातली, मनगटावर पुरुषी घड्याळ बांधलेली बाई कोंबड्याची चौकशी करतेय. मी म्हटलं, “कोंबड्या आहेत. केडगावला, आईकडे.”

“कोंबड्या नाही विचारल्या. कोंबडा.”

“आहे एक. पण तो कापायचा नाही, आईचा लाडका आहे.”

“कापायचा कशाला? त्याचा संसार सुखानं चालू दे. मला फक्त अंडी हवीत. ताजी हवीत आणि त्यांना बाप हवा.”

मी तसा चिडका माणूस. निम्मा दिवस अंधाऱ्या खोलीत काढला की उजेडातल्या लोकांचा उगाच राग येतो. पण या बाईवर रागवायला सुरुवात कुठून करावी तेच कळेना. दुसऱ्या दिवशी मी केडगावहून सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून अंडी घेऊन आलो, आणि बाई नगरात होत्या तोवर आणतच राहिलो.

अंडी कशाला, ते सांगायचं तर हिराबद्दल सांगायला हवं. हिरा राजूरच्या पलीकडच्या एका डोंगरवाडीतली, दहा-अकरा वर्षांची पोर. तिच्या नडगीच्या हाडात आतून पोकळी झाली होती. हाडाची भिंत अंड्याच्या टरफलाइतकी पातळ राहिलेली, त्यामुळे पाय पुन्हापुन्हा त्याच जागी मोडायचा. तिचे वडील सखाबा तिला पाठुंगळी घेऊन डोंगर उतरायचे, एसटीत बसवायचे आणि आमच्याकडे आणायचे. आमचे हाडांचे सर्जन डॉक्टर निमसे. त्यांनी एकदा ती पोकळी खरवडून तिच्याच कमरेचं हाड तिथं भरलं होतं, ते पोकळीनं खाऊन टाकलं. आता आणखी मोडला तर पाय आखूड राहणार आणि जन्माची काठी हातात येणार, हे निमसेसाहेबांनी सखाबांना सांगून टाकलं होतं. तिचे सगळे फोटो मीच काढलेले. नवीन फिल्म पाण्यातून वर काढताना मी आधी तीच जागा बघायचो.

निमसेसाहेबांच्या वाचनात आलं होतं की जनावराचं हाड भाजून, अगदी पांढरं करून अशा पोकळीत भरता येतं, आणि त्याच्या आधारानं माणसाचं हाड वाढतं. साहेब उत्साही गृहस्थ. त्यांना ते लगेच करायचं होतं. बाई आडव्या आल्या. त्यांचं एकच म्हणणं, “आधी बशीत, मग माणसात.”

म्हणजे काय, ते त्यांनी मला माझ्याच टेबलावर बसून समजावलं. अंडं काही दिवस उबवलं की आतल्या पिल्लाच्या पायात हाड तयार व्हायला लागतं. त्या हाडाचे बारीक तुकडे काचेच्या बशीत, औषधी रसात ठेवायचे. ऊब दिली की त्यातून जिवंत पेशी बाहेर सरकतात आणि काचेवर पसरतात. आता त्यांच्या शेजारी भाजलेल्या हाडाचा कण ठेवायचा आणि बघायचं.

“काय बघायचं?” मी म्हटलं.

“शिंदे, पाहुणे घरी आले, चपला काढल्या, भिंतीला टेकून पाय पसरले, तर घर बरं आहे. उंबऱ्यातच उभे राहिले, गोळा होऊन, तर समजायचं घरात काहीतरी बिघडलंय. पेशींचंही तसंच. मंडळी बसली की नाही, एवढंच बघायचं.”

पेशींना त्या कायम मंडळीच म्हणायच्या. सकाळी मायक्रोस्कोपला डोळा लावून पुटपुटायच्या, “मंडळी अजून उभीच आहेत,” आणि त्या दिवशी कोणी त्यांच्या वाटेला जात नसे. मंडळी बसली की मात्र आरोळी यायची, “धरलं,” आणि पाठोपाठ सगळ्यांना चहा.

‘धरलं’ हा बाईंचा शब्द. त्यांचे वडील राहुरीकडे शाळामास्तर होते, आणि त्यांना बोरीचे डोळे भरायचा, लिंबाची कलमं बांधायचा नाद. रोज सकाळी मुलांना प्रार्थनेच्या आधी विचारायचे, कलम धरलं का. बाईंनी तो शब्द घरून उचलला तो दवाखान्यात आणून लावला. माळ्याला विचारायच्या, तुळशीनं मूळ धरलं का. बाळंतिणीला विचारायच्या, लेकरानं बाळसं धरलं का. जखमेनं खपली धरली का, तापकऱ्यानं तग धरला का, आणि मी चिडून बसलो की, “शिंदेंनी आज अबोला धरलाय.” एकदा मला म्हणाल्या, “आपल्या भाषेत कामाचं क्रियापद एवढं एकच. बाकीची शोभेला आहेत.” मी म्हटलं, मग मी काढतो ते फोटो काय धरतात? म्हणाल्या, “फोटो नाही हो, तुम्ही लोकांना श्वास धरायला लावता, ते काय कमी आहे?”

आईला मात्र हे प्रकरण पसंत नव्हतं. एकदा ती स्वतः अंडी घेऊन आली आणि बाईंना तोंडावर म्हणाली, “डाक्तरीणबाई, माझ्या कोंबडीचं पिल्लू मारता व्हय तुमी?”

बाईंनी हसण्यावारी नेलं नाही. म्हणाल्या, “मारते, मावशी. म्हणून एकही अंडं वाया जाऊ देत नाही.” मग आईला हाताला धरून मायक्रोस्कोपपाशी नेलं. आई बराच वेळ एक डोळा मिटून बघत राहिली. “ही सरकत्यात की,” म्हणाली. घरी जाताना मला बजावलं, उद्यापास्नं मोठी अंडी देत जा बाईला, बारकी नगं.

बाईंची ती आतली खोली म्हणजे पूर्वी चादरी ठेवायची खोली. तिथं तोंडावर फडकं बांधून काम चालायचं आणि बोलायला सक्त बंदी, कारण बोललं की तोंडातले जंतू बशीत. बाईंना तर बोलल्यावाचून करमत नसे. त्यांनी तोड काढली. त्या गुणगुणायच्या. चर्चमधल्या भजनांच्या चाली, तोंड मिटून. एक चाल म्हणजे दिवा पुढे कर, दुसरी म्हणजे चिमटा दे, आणि नाताळातली एक ठसकेबाज चाल होती तिचा अर्थ, कोण मूर्ख दार उघडतोय. ही तिसरी मी फार ऐकली. अजूनही कुठल्या चर्चवरून जाताना ती कानावर आली की मी दचकून हात मागे घेतो.

एकदा स्टोअरवाल्यानं शहाणपणा केला. शिंदेंच्या अंड्यांची रोजची वाट कशाला बघायची म्हणून नव्या पोल्ट्रीतून पांढऱ्या अंड्यांचा ट्रेच आणला. बाई तो ट्रे घेऊन माझ्या अंधाऱ्या खोलीत आल्या. काही दिवस उबवलेली ती अंडी एकेक करून दिव्यापुढे धरली. गावरान अंड्यात अशा वेळी लाल रेषांचं जाळं दिसायचं. इथं नुसता पिवळा उजेड. “याला बाप नाही. यालाही नाही. याला तर नाहीच नाही.” पोल्ट्रीत कोंबडा ठेवतात कुठे? अख्खा ट्रे बिनबापाचा निघाला. दुसरी कुणी असती तर स्टोअरवाल्याचे बारा वाजवले असते. बाईंनी त्याच्याकडून तसलाच ताजा ट्रे मागवला, कांदा-मिरची घालून सगळ्या स्टाफला पोळा करून घातला, आणि स्टोअरवाल्याला पहिलं ताट दिलं. पण पुढे त्याचं नाव ‘बिनबापाचा’ पडलं ते पडलंच.

दुसऱ्या खेपेला उलटं झालं. उबेच्या पेटीत मागच्या कोपऱ्यात एक अंडं विसरलं गेलं आणि नाताळच्या सुट्टीहून बाई परत येतात तो पेटीतून चिवचिव. पिल्लू अगदी ठणठणीत. बाईंनी ते रुमालात गुंडाळून थेट वॉर्डात नेलं आणि हिराच्या पांघरुणात सोडलं. मेट्रनबाईंनी डोक्याला हात लावला. हिरानं पिल्लाचं नाव ठेवलं ‘डाक्तरीण’.

“माझं नाव का गं?” बाईंनी विचारलं.

“ती बी तुमच्यावानीच सारखी टुकूटुकू बघती,” हिरा म्हणाली.

मग निघाला हाडाचा विषय. गायी-बैलाचं हाड नको, आपल्याकडच्या माणसाला ते चालायचं नाही, असं बाईंनी आधीच ठरवलं होतं. म्हणून बोकड. खाटकाला म्हणाल्या, मांड्या दे, पण सांध्याकडची टोकं अखंड ठेव. आतून जाळीदार असलेली ती टोकं त्यांनी करवतीनं कापून घेतली आणि उरलेल्याचा स्टाफला असा काही रस्सा करून घातला की निमसेसाहेब वाटी तोंडाला लावून प्यायले. “रस्सा तुमचा, हाड माझं,” बाई वाढताना म्हणत होत्या. हाडं उकळून उकळून त्यांची चरबी काढली, मग मडक्यात घालून, वर झाकण लिंपून, कुंभाराच्या भट्टीत दिली. कुंभार म्हणाला, “बाई, मी आजवर लई भाजलं, पन मटन भाजलं नव्हतं.” दुसऱ्या दिवशी मडकं फोडलं तर आत खारी बिस्किटासारखे हलके, पांढरे तुकडे. त्यातला एक बाईंनी लगेच मला आणून दिला, हिराच्या हाडाच्या तुलनेत फोटोत किती पांढरा दिसतो ते बघायला. फोटो काढून झाल्यावर तो माझ्या टेबलावरच पडून राहिला. कागद उडू नयेत म्हणून ठेवायला बरा होता, पण इतका हलका की कागदांबरोबर तोही उडायचा.

बाकीच्या तुकड्यांवर राखेचा धुरकट हात बसला होता. ते धुवायला हवे होते. साबण नको, साबणाचा अंश मागे राहतो, हे बाईंना ठाऊक. त्यांच्या आईच्या घरी सोनं आणि रेशीम कधी साबणाला लागलं नाही, रिठ्याच्या पाण्यातच धुतलं गेलं. बाईंनी रिठे भिजवले, कुस्करले, आणि त्या पाण्यात हाडाचा एकेक कण बांगडीसारखा हळुवार धुतला. मग साध्या पाण्यानं, मग उकळून, मग बशीत.

सकाळी मंडळी मेलेली. नुसती उभी नाही, फुटून गेलेली. शेजारच्या कोऱ्या बशीत तीच मंडळी ऐसपैस बसलेली, आणि हाडाच्या कणाभोवती नुसता चोथा. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा केलं. बाई त्या दिवशी गुणगुणल्या नाहीत.

वाईट बातमी ज्यानं शोधली त्यानंच सांगायची, निरोप पाठवायचा नाही, अशी त्यांची रीत. त्या वॉर्डात गेल्या. सखाबा हिराच्या खाटेपाशी जमिनीवर बसले होते. बाई त्यांच्याशेजारी फरशीवर बसल्या आणि म्हणाल्या, “सखाबा, ते हाड चांगलं नाही. त्यानं पेशी मरतात. हिराच्या पायात मी ते घालू देणार नाही.”

सखाबांनी हिराच्या पायावरचं पांघरूण नीट केलं. मग म्हणाले, “म्हंजी काठीच.”

“आज तरी.”

निमसेसाहेबांनी पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट करायला सांगितला. तो झाला की हिराला घरी सोडायचं ठरलं. हिरा रडली नाही, पण पिल्लाशी बोलायची थांबली. मला तर कामावर यावंसं वाटेना. आणि बाई माझ्या खोलीत आल्या त्या नुसत्या बसायला. त्यांना खूप वाईट वाटत होतं, ते त्या सरळ बोलल्या. “मला वाटलं होतं धरेल. शिंदे, मला फार वाटलं होतं.” माझ्या टेबलावरचा तो तुकडा उचलून बोटांत फिरवत होत्या. फिरवता फिरवता त्यांचं बोट थांबलं. बोटाला राख लागली होती.

“हा धुतलेला नाही,” म्हणाल्या.

त्या उठल्या. मी मागे गेलो. त्यांनी दोन काचनळ्या घेतल्या. एकीत माझा तुकडा कुटून घातला, दुसरीत धुतलेला. दोन्हीत पाणी घालून उकळलं, मग बोळे लावून खळखळा हलवलं. माझ्या नळीत गढूळ पाणी. दुसऱ्या नळीत वरपर्यंत पांढरा फेस, आणि तो काही केल्या बसेना.

बाई त्या फेसाकडे बघत राहिल्या. मग भिंतीला टेकल्या, आणि हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. “जाळीदार हाड ते. रिठा प्यायलं आणि पोटात ठेवून बसलं. बोकड बिचारा निर्दोष. शिंदे, मी सोन्यासारखं धुतलं हो.” फेस येतो तो रिठ्यातल्या ज्या अर्कानं, तोच पेशींची कातडी फोडतो, हे त्यांनी मग मला समजावलं, पण हसण्यातून मला निम्मंच कळलं.

तशाच, हातात नळी घेऊन, त्या वॉर्डात गेल्या. निमसेसाहेबांचा राऊंड चालू होता, नर्सा होत्या, बाकीचे पेशंट होते. खालच्या आवाजात सांगता आलं असतं. बाईंना खालचा आवाज नव्हताच. “चूक हाडाची नाही, माझी आहे. मी रिठ्यानं धुतलं, त्यानं पेशी मेल्या. बूट थांबवा. मला पुन्हा बघू द्या.”

निमसेसाहेबांचं तोंड वाकडं झालं. “बाई, काल विष म्हणालात, आज औषध म्हणता. उद्या काय?”

“उद्या काय ते उद्या बशीत बघूनच सांगीन. आज औषध नाही म्हणत. आज फक्त चुकले म्हणतेय.”

साहेब सखाबांकडे वळले. पोर त्यांची, निर्णय त्यांचा. सखाबांनी नळीतल्या फेसाकडे बघितलं. “म्हंजी रिठा वाईट?”

“रिठा चांगला, सखाबा. चुकीच्या जागी घातला.”

“तुमी सांगितलं नसतं तर कुनाला कळलं असतं?”

“कुणाला नाही.”

सखाबांनी मान हलवली. “मंग थांबतो आमी. तुमच्याच हातचं घालू.”

मडकं नवं, बोकड नवा, रस्सा पुन्हा झाला. या वेळी हाड नुसत्या पाण्यानं धुतलं, इतक्यांदा धुतलं की शेवटी नळ कोरडा पडला. मग बशी. आम्ही सगळे चादरीच्या खोलीबाहेर उभे, नर्सा, स्टोअरवाला, मी, आणि माझी आईसुद्धा, अंडी द्यायच्या निमित्तानं. आतून आधी काहीच नाही. मग ती नाताळातली ठसकेबाज चाल ऐकू आली. दार तर कुणी उघडलं नव्हतं. चाल वाढत गेली, आणि मग बाईंनी स्वतःचा नियम मोडून तोंडावरचं फडकं काढलं.

“धरलं,” म्हणाल्या. “कणाच्या अगदी कडेवर बसलीत मंडळी. पाय पसरून.”

तरीही त्यांनी पुन्हापुन्हा करून बघितलं, निमसेसाहेबांना स्वतःला मायक्रोस्कोपवर बसवलं, आणि मगच ऑपरेशन झालं. साहेबांचा हात हलका. पोकळी भरली, टाके पडले, प्लॅस्टर चढलं. मग नुसती वाट बघायची. त्या काळात बाई मला रोज जाता-येता विचारायच्या, आणि मी रोज चिडायचो, “अहो, फोटो महिन्यानं काढायचाय, मला काय डोळ्यांनी दिसतंय?”

पहिल्या फोटोत काही कळलं नाही. नंतरच्यात वाटलं, पण खात्री नाही. पावसाळ्यानं त्या साली पाठ फिरवली होती, नळाला पाणी नव्हतं, फिल्म धुवायला मी बादल्या साठवून ठेवायचो. अशाच एका बादलीतून हिराच्या पायाची फिल्म वर काढली आणि दिव्यापुढे धरली. पांढरे कण सुटे दिसत नव्हते. त्यांच्यामधून, त्यांच्याभोवती, हाडाची आडवी-उभी जाळी विणली गेली होती, आणि टरफलाएवढी भिंत चांगली जाड झाली होती. मी तिथंच उभा राहिलो. मग दार उघडलं. बाई बाहेर होत्या, पण त्यांनी विचारलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना विचारायचं धाडस झालं नाही.

मग मीच म्हणालो. “धरलं, बाई.”

त्यांनी फिल्म बघितलीच नाही. माझा ओला हात दोन्ही हातांत धरला आणि तशाच उभ्या राहिल्या.

पुढच्या उन्हाळ्यात बाईंना दक्षिणेतल्या एका मोठ्या दवाखान्यानं बोलावलं. तिथं खरीखुरी प्रयोगशाळा होती, चादरींची खोली नव्हती. जायलाच हवं होतं. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी चिडतो, म्हणून त्या सकाळी मी टांगेवाल्याशी भांडत होतो. सामान चढलं होतं. तेवढ्यात फाटकातून सखाबा आले. हात मोकळे, पाठ मोकळी. त्यांच्या मागे हिरा, स्वतःच्या पायांनी, काखेत चांगली गरगरीत कोंबडी घेऊन. डाक्तरीण.

फाटकापासून टांग्यापर्यंत आमच्या दवाखान्याचं अंगण उतरतं आहे आणि खडीचं आहे. हिरा फाटकाशीच थबकली. सपाट वाटेवर चालली होती, उतार बघून घाबरली. बाई भराभर चालत तिच्यापाशी गेल्या. मला वाटलं, आता हात देतील. त्यांनी तिच्या काखेतली कोंबडी घेतली, छातीशी धरली, आणि पाठमोऱ्या, उलट्या पावलांनी उतार उतरायला लागल्या.

“बाई, धरा की,” हिरा म्हणाली. “पडंन मी.”

“माझे हात भरलेत,” बाई म्हणाल्या. “मी डाक्तरीण धरलीय.”

“बाई, धरा ना.”

“नाही धरायची. तुला आतून धरलंय.”

हिरानं एक पाय पुढे टाकला. खडी करकरली. मग दुसरा टाकला. बाई तिच्याकडे बघत उलट्या चालत होत्या, कोंबडी त्यांच्या हातात टुकूटुकू बघत होती, आणि तोंड मिटून बाई ती नाताळातली चाल गुणगुणत होत्या. टांगेवाल्यानं एकदा घंटी वाजवली. मी त्याला गप्प बसायला सांगितलं.